डीडवरून सासऱ्यांचं नाव काढायचं आहे? कागद काउंटीत देण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटमधलं घर २०१३ साली घेतलं, तेव्हा डीडवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, तिघांची नावं घातली: तुम्ही, तुमचे यजमान आणि सासरे. सासरे २०१९ मध्ये कायमचे पुण्याला परतले. यंदा कर्ज फिटलं, म्हणून आता बाबांचं नाव काढून घर तुम्हा दोघांच्या लिव्हिंग ट्रस्टमध्ये (हयातीतच केलेल्या न्यासात) टाकायचं आहे. दीर म्हणतात, बाबांकडून मुखत्यारपत्र घ्या, इंटरनेटवरचा क्विटक्लेमचा, म्हणजे हक्क सोडण्याचा, फॉर्म भरा आणि काउंटीत देऊन टाका. त्यातच "आपल्या डीडची प्रमाणित प्रत त्वरित मागवा" असं सांगत शंभरेक डॉलर मागणारं एक पत्र आलं आहे आणि तुम्ही घाबरला आहात.

आधी ते पत्र टाकून द्या. ते सरकारी दिसतं, पण सरकारी नसतं. तुमचं डीड काउंटीच्या दप्तरात आहेच आणि प्रमाणित प्रत हवी असेल तर काउंटीच थोड्या डॉलरांत देते.

आता मूळ कामाकडे. मी बे एरियात २२ वर्षं टायटल आणि एस्क्रोचं काम करते, म्हणजे घराची मालकी तपासणं आणि व्यवहाराचे कागद-पैसे तटस्थपणे सांभाळणं. वकील नाही, त्यामुळे जिथे वकील किंवा सीपीए (हिशोब आणि कर बघणारा) लागेल तिथे तसं सांगेन. इतक्या वर्षांत आपल्या लोकांचा एक गैरसमज मला सतत दिसतो आणि तुमच्या दिरांच्या बोलण्यातही तोच आहे. काउंटीने कागद घेतला, शिक्का मारला, म्हणजे तो बरोबर आहे, असं आपण धरून चालतो.

हे कुठून येतं ते मला कळतं. आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात देणारा-घेणारा दोघं हजर असतात, साक्षीदार असतात, फोटो निघतो, अंगठा उमटतो, मुद्रांक शुल्क भरलं की नाही ते बघतात, मग सूची क्रमांक २ हातात येते. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली खरेदीखत नोंदवलंच नाही तर मालकी जातच नाही. कॅलिफोर्नियात कागद नोंदवणाऱ्या काउंटी रेकॉर्डरसमोर कोणी हजर होत नाही. कागद टपालाने येतो, खिडकीवर येतो किंवा ऑनलाइन येतो. कारकून बघतो ते एवढंच: सही आहे का, नोटरी आहे का, कागदाचा आकार, वरची रिकामी जागा, फी. मग क्रमांक आणि वेळ टाकून स्कॅन करतो आणि मूळ कागद परत पाठवतो. सही करणाऱ्याची खरंच मालकी होती का, वर्णन बरोबर आहे का, तुमचा हेतू साधला का, हे तो तपासत नाही. कायद्याने त्याला सल्ला देण्याचीही मुभा नाही.

शिवाय इथे डीड नोंदवलं नाही तरी देणारा आणि घेणारा यांच्यात ते लागू असतं. नोंद करायची ती जगाला कळावं म्हणून. एकाच माणसाने तेच घर दोघांना विकलं, तर पहिल्या व्यवहाराची कल्पना नसताना पैसे मोजून ज्याने आधी नोंद केली तो टिकतो. म्हणजे रेकॉर्डर सांभाळतो तो कागदांचा क्रम. कागदात काय लिहिलं आहे याची जबाबदारी पूर्ण तुमची. चुकीचं डीडसुद्धा तो तितक्याच नेमाने नोंदवतो.

म्हणून फॉर्म शोधायच्या आधी २०१३ चं डीड काढा. पहिल्याच पानावर तुमच्या तिघांच्या नावांपुढे काय लिहिलं आहे ते वाचा. "ॲज जॉइंट टेनंट्स" असे शब्द असतील तर एक गेला की त्याचा हिस्सा आपोआप उरलेल्यांकडे येतो. मृत्यूचा दाखला आणि एक प्रतिज्ञापत्र नोंदवलं की भागतं. "टेनंट्स इन कॉमन" असेल, किंवा काहीच लिहिलं नसेल, तर बाबांचा हिस्सा त्यांचा स्वतंत्र आहे आणि तो त्यांच्या वारसांकडे जाईल, म्हणजे दीरही त्यात आले. मग कॅलिफोर्नियात प्रोबेट, म्हणजे वारसाहक्काचं कोर्टाचं काम. एवढ्या दोन-तीन शब्दांवर किती घाई करायची ते ठरतं. आणि जॉइंट टेनन्सी असेल तर एक पथ्य पाळा: बाबांचं नाव तसंच ठेवून आधी तुमचे हिस्से ट्रस्टमध्ये टाकू नका. तसं केलं की ती जॉइंट टेनन्सी तुटते आणि मग बाबांचा हिस्सा त्यांच्या पश्चात तुमच्याकडे आपोआप येत नाही.

यापुढचा मुद्दा डीडचा नाही, पण डीडमुळे अंगावर येणारा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. बाबांनी हिस्सा फुकट सोडला म्हणजे अमेरिकेच्या दृष्टीने ते बक्षीस झालं. इथल्या रहिवाशाला आयुष्यभरात लाखो डॉलरांची सूट असते, त्यामुळे कोणी त्याचा विचार करत नाही. पण जो अमेरिकेचा नागरिक नाही आणि कायमचा परत गेला आहे, त्याने अमेरिकेतली स्थावर मालमत्ता बक्षीस दिली तर ती सूट त्याला नाही. त्याच्या वाट्याला फक्त वार्षिक सूट येते, २०२५ साली प्रत्येक घेणाऱ्यामागे १९,००० डॉलर. तुम्हा दोघांचे मिळून ३८,०००. फ्रीमाँटच्या घराचा तिसरा हिस्सा त्याच्या कितीतरी वर जातो आणि वरच्या रकमेवरचा कर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. बाबांनी काही न करता तसंच ठेवलं तरी प्रश्न सुटत नाही, कारण अशा माणसाला इस्टेट टॅक्सची (मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणाऱ्या कराची) सूट साधारण ६०,००० डॉलरपुरतीच मिळते. सीपीए तुम्हाला पहिला प्रश्न विचारेल तो हा: घर घेताना बाबांनी स्वतःचे पैसे घातले होते की फक्त नाव दिलं होतं? ग्रीन कार्ड परत केलं का, कधी केलं? उत्तरावर सगळं चित्र बदलतं. २०१३ ची बँकेची कागदपत्रं शोधून ठेवा आणि अनिवासींचे कर समजणाऱ्या सीपीएला दाखवा. मी एस्क्रोतून अशी डीड जाताना पाहिली आहेत आणि तीन वर्षांनी त्याच कुटुंबाचा रडवेला फोनही घेतला आहे. नोंदवलेलं डीड परत घेता येत नाही.

दुसरा कर काउंटीचा. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ मुळे तुमच्या घराचं करासाठीचं मूल्य २०१३ च्या किमतीवर बांधलेलं आहे, वर्षाला फार तर २ टक्के वाढतं. नवरा-बायकोतली देवाणघेवाण आणि स्वतःच्या रद्द करता येणाऱ्या ट्रस्टमध्ये टाकणं, यांनी ते मूल्य हलत नाही. वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या घराला पूर्वी मोठी सवलत होती. प्रॉपोझिशन १९ ने ती १६ फेब्रुवारी २०२१ पासून आवळली: ते घर देणाऱ्याचंही राहतं घर असावं आणि घेणाऱ्याचंही. बाबा २०१९ पासून पुण्यात आहेत. त्यामुळे त्यांच्या हिश्श्यापुरतं मूल्य आजच्या बाजारभावाने धरलं जाईल असं समजून हिशोब करा. वाटलं तर करासाठी मूल्य ठरवणाऱ्या काउंटी असेसरच्या कार्यालयाला आधी लेखी विचारा. तिथली माणसं उत्तर देतात.

हे दोन्ही हिशोब झाल्यावरही नाव काढायचं ठरलं, तर मग कागद.

क्विटक्लेम नको. क्विटक्लेम म्हणजे "माझं जे काही असेल ते दिलं", असेल-नसेल ते देवाला ठाऊक. ग्रँट डीडमध्ये देणारा कायद्यानेच दोन गोष्टींची हमी देतो: हे मी आधी दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही, आणि मी सांगितल्याशिवाय यावर कसला बोजा केलेला नाही. मेहनत तेवढीच, टायपिंग तेवढंच, मग कच्चा कागद कशाला? २०१३ ची टायटल इन्शुरन्स पॉलिसीही बाहेर काढा आणि कंपनीला फोन करून विचारा की ट्रस्टमध्ये टाकल्यावर संरक्षण चालू राहतं का, काही पुरवणी घ्यावी लागेल का. आपल्याला सरकार टायटलची हमी देत नाही, ही पॉलिसी देते.

डीड दोन करा. पहिलं बाबांकडून तुम्हा दोघांना, दुसरं तुम्हा दोघांकडून ट्रस्टींना. एकाच डीडमध्ये तिघांनी मिळून ट्रस्टला देता येईल, पण दोन्ही पायऱ्यांची करमाफीची कारणं वेगळी आहेत आणि एकत्र केली की असेसरकडे गोंधळ होतो. दोन्ही एकाच वेळी द्या आणि कुठलं आधी नोंदवायचं ते वर चिठ्ठी लावून स्पष्ट लिहा. दुसऱ्या डीडमध्ये "अमुक ट्रस्टला" असं लिहू नका. ट्रस्ट काही घर धारण करत नाही, ट्रस्टी करतात: तुमची दोघांची नावं, "ट्रस्टी म्हणून", ट्रस्टचं पूर्ण नाव आणि त्याची तारीख. पहिल्या डीडमध्ये तुम्ही दोघं घर कसं धारण करणार तेही वकिलाला विचारून लिहा. नवरा-बायकोसाठी "कम्युनिटी प्रॉपर्टी" हा इथला प्रकार पुढे एकाच्या मृत्यूनंतर घर विकताना फार उपयोगी पडतो, कारण करासाठी दोन्ही अर्ध्या भागांची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावावर येते. साध्या जॉइंट टेनन्सीत सहसा अर्ध्याचीच येते.

नावं. इथे आपले लोक हमखास अडकतात. रेकॉर्डरचं दप्तर नावावर चालतं. देणारा आणि घेणारा यांच्या नावांची अनुक्रमणिका असते आणि पुढचा टायटल शोधणारा तिथेच बघतो. २०१३ च्या डीडवर बाबांचं नाव वडिलांच्या नावासह तिहेरी आहे, पासपोर्टवर दुहेरी, कुलकर्णीच्या स्पेलिंगमध्ये एकीकडे यू आहे आणि दुसरीकडे नाही, हे रोजचं आहे. नियम साधा ठेवा: ज्या नावाने घेतलं त्याच नावाने द्या. आज नाव वेगळं असेल तर आजचं नाव लिहून पुढे "ज्यांनी अमुक नावाने टायटल घेतलं" असं जोडा. तुमचं लग्नाआधीचं नाव कुठे आलं असेल तर तुम्हालाही हेच लागू.

मग जमिनीचं वर्णन. घराचा पत्ता हे वर्णन नव्हे. लॉट, ट्रॅक्ट, नकाशाचं पुस्तक आणि पान, असं जे जुन्या डीडमध्ये किंवा त्याला जोडलेल्या "एक्झिबिट ए" मध्ये आहे ते शब्द न् शब्द उतरवा, स्वल्पविरामासकट. शक्य असेल तर त्याच पानाची स्वच्छ प्रत जोडा. टाउनहाउस किंवा काँडो असेल तर जास्तच जपा, कारण वर्णनाचे दोन-तीन भाग असतात: पार्सल एक म्हणजे घर, पार्सल दोन म्हणजे सामाईक जागेतला हिस्सा, तीनमध्ये कधी पार्किंग. एका जोडप्याने ट्रस्टचं डीड घरीच केलं होतं आणि पहिलंच पार्सल उतरवलं होतं. पुढची पार्सलं पान उलटल्यावर होती, ती कोणी बघितलीच नाहीत. रेकॉर्डरने बिनबोभाट नोंदवलं. आठ वर्षांनी विकायला काढलं तेव्हा घर ट्रस्टमध्ये आणि गॅरेजची जागा जोडप्यातल्या वारलेल्या बाईंच्या नावावर, अशी अवस्था माझ्या टेबलावर आली. क्लोजिंग, म्हणजे विक्री पूर्ण होणं, चार महिने लांबलं.

डीडच्या पहिल्या पानावर डावीकडे वर नोंदणी कोण मागतंय, कागद परत कुठे पाठवायचा आणि कराचं बिल कुठे पाठवायचं ते येतं. उजवा वरचा कोपरा रेकॉर्डरचा, तो कोरा सोडायचा. खाली शीर्षक, पार्सल नंबर, ट्रान्सफर टॅक्सची घोषणा. काउंटीचा दर हजार डॉलरला १ डॉलर १० सेंट. ऑक्लंड, सॅन होजे अशी काही शहरं वर आपला वेगळा कर लावतात. बक्षीस असेल तर कर नाही, पण का नाही ते कलमासकट डीडवर लिहावं लागतं. २०१८ पासून प्रत्येक कागदावर घरबांधणी निधीचे ७५ डॉलर लागतात. मालक राहत असलेल्या घराच्या हस्तांतरणाला त्यातून सूट आहे, मात्र तीही पहिल्या पानावर लिहून मागायची. लिहिली नाही तर निमूट पैसे घेतले जातात. डीडबरोबर असेसरचा पीसीओआर नावाचा फॉर्म भरून द्या. तो नसेल तर २० डॉलर जास्त, शिवाय नंतर मोठा फॉर्म घरी येतो आणि तो ९० दिवसांत भरला नाही तर दंड.

आता बाबांची सही. मुखत्यारपत्राने काम सोपं होत नाही. पुण्यात केलेलं मुखत्यारपत्र इथे वापरायचं तर त्यावरही तेच नोटरी-साक्षांकनाचे सोपस्कार, वर तेही काउंटीत नोंदवायचं. शिवाय कॅलिफोर्नियात मुखत्याराला बक्षीस देण्याचा अधिकार मुखत्यारपत्रात स्पष्ट शब्दांत दिलेला असावा लागतो. आणि मुलगाच मुखत्यार, मुलगाच घेणारा, हे उद्या कोणी तपासायला घेतलं तर बरं दिसत नाही. ज्या माणसाचा हिस्सा आहे त्यानेच डीडवर सही करावी. डीडवर देणाऱ्याचीच सही लागते, घेणाऱ्याची नाही.

पुण्यात बसून ती सही करण्याचे दोन रस्ते आहेत. एक, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत नोटरीची वेळ घेणं. प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर, पासपोर्ट बरोबर, आणि सही तिथे अधिकाऱ्यासमोर करायची, घरून करून न्यायची नाही. दुसरा, पुण्यातल्या नोटरीसमोर सही, मग राज्य शासनाचं साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपॉस्टिल. भारत २००५ पासून हेग ॲपॉस्टिल करारात आहे, त्यामुळे हा रस्ता कॅलिफोर्नियात चालतो. पण बाबांना मुंबईचा प्रवास झेपत असेल तर मी पहिलाच सुचवेन. ॲपॉस्टिलमध्ये हात जास्त लागतात आणि हात जास्त तितक्या चुका जास्त.

दुसऱ्या रस्त्याने गेलात तर काय होतं ते सांगते, कारण असा एक लिफाफा मी उघडला आहे. डीड पुण्यात ए-फोर कागदावर छापलेलं. इथला लेटर कागद त्याहून बुटका आणि किंचित रुंद, आणि वेगळ्या मापाच्या कागदाला दर पानामागे ३ डॉलर जास्त. तो खर्च सोसता आला असता. पण नोटरीने नोटरीचं तिकीट चिकटवलं होतं ते नेमकं उजव्या वरच्या कोपऱ्यात, रेकॉर्डरच्या जागी. जांभळा गोल शिक्का मजकुरावर अर्धा चढलेला, त्याखाली पार्सल नंबरचे दोन आकडे गायब. स्कॅनमध्ये ते वाचताच येत नव्हते. कागद परत. त्या काकांना वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी पुन्हा सगळी फेरी मारावी लागली. म्हणून डीड इथेच लेटर कागदावर छापा, कुरिअरने पाठवा, आणि शिक्क्यासाठी वेगळं कोरं पान जोडून पेन्सिलीने खूण करा: शिक्का इथे. नोटरीचा मजकूर इंग्रजीत हवा. फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. बाबा मराठीत सही करत असतील तर खुशाल करू देत, ती त्यांची सही आहे. फक्त खाली इंग्रजीत त्यांचं नाव टाइप केलेलं असू द्या.

तुम्हा दोघांची सही इथल्या नोटरीसमोर. नोटरी एका सहीला जास्तीत जास्त १५ डॉलर घेऊ शकतो आणि डीड असल्यामुळे त्याच्या वहीत तुमचा अंगठा घेईल. तो अंगठा महत्त्वाचा आहे, खोट्या डीडांच्या प्रकरणांत तोच कामाला येतो.

कर्ज फिटलं म्हणालात, पण दप्तरात फिटलं का? बँकेने पैसे मिळाल्याचं पत्र पाठवलं म्हणजे बोजा उतरला असं होत नाही. त्यासाठी रिकन्व्हेयन्स नावाचा वेगळा कागद नोंदवला जातो. बँकेने ३० दिवसांत कागद कर्जाच्या कागदातल्या ट्रस्टीकडे (तुमच्या ट्रस्टचे ट्रस्टी नव्हे) द्यायचे आणि त्याने २१ दिवसांत नोंदवायचं, असा कायदा आहे. होतंच असं नाही, विशेषतः मधल्या काळात कर्ज एका बँकेकडून दुसरीकडे गेलं असेल तर. ॲलमेडा काउंटीच्या रेकॉर्डरकडे स्वतःच्या नावाने शोध घ्या. २०१३ च्या डीड ऑफ ट्रस्टच्या (कर्जासाठी घर तारण ठेवल्याच्या कागदाच्या) क्रमांकाचा उल्लेख असलेला रिकन्व्हेयन्स सापडला नाही तर बँकेला आजच लेखी कळवा. दहा वर्षांनी ती बँकच उरलेली नसते.

नोंदवलेले कागद टपालाने परत आले की चष्मा लावून एकदा बघा: क्रमांक दोन्हींवर आहे का, पहिल्या डीडचा क्रमांक दुसऱ्याच्या आधीचा आहे का, एक्झिबिटची सगळी पानं स्कॅनमध्ये आली का. घराच्या विमा कंपनीला मालक आता ट्रस्टी म्हणून आहेत हे कळवा. काही चूक दिसली तर जुन्या कागदावर खाडाखोड करू नका. दुरुस्तीचं डीड करून नव्याने नोंदवायचं असतं आणि त्यावर बहुतेक वेळा पुन्हा बाबांचीच सही लागते. म्हणून वकिलातीची वेळ घ्यायच्या आधी डीडचा मसुदा एकदा टायटल कंपनीतल्या कोणाला तरी दाखवा, आणि सीपीएचं उत्तर हातात येईपर्यंत बाबांना मुंबईला पाठवू नका.